प्रेप रूममधल्या सुप्रभाबाई

लीड्सच्या उत्तरेकडच्या एका शाळेत, सायन्स ब्लॉकच्या पहिल्या मजल्यावर, दोन लॅबोरेटरींच्या मधोमध एक अरुंद खोली होती. तिला सगळे प्रेप रूम म्हणत. मुलांच्या प्रॅक्टिकलची तयारी तिथे व्हायची आणि ती करायच्या सुप्रभा वाघोलीकर. बाई मूळच्या सांगलीच्या, केमिस्ट्री घेऊन एम.एस्सी., लग्नाआधी तीन वर्षं कॉलेजात शिकवत होत्या. पण सांगलीची एम.एस्सी. विमानातून उतरेपर्यंतच चालते, हे त्यांना सत्तर साली इथे आल्यावर कळलं. शिक्षण खात्याच्या ऑफिसातल्या गोऱ्या बाईने सर्टिफिकेट उलटसुलट करून बघितलं, छान आहे म्हणाली आणि परत दिलं. पुढची अकरा वर्षं बाईंनी संसार केला, शिल्पाला वाढवलं, अधूनमधून एका कारखान्यात बिस्किटांचे पुडे भरले. एक्क्याऐंशीत या शाळेत लॅब टेक्निशियनची जागा निघाली तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. शिकवायला नाही तर नाही मिळणार, निदान ब्युरेटची काचनळी तरी हातात येईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

शाळेत शिक्षकांचा कोट पांढरा आणि टेक्निशियनचा तपकिरी. बाईंनी तपकिरी कोट घातला आणि मान खाली घालून कामाला लागल्या. सोल्युशनं इतकी चोख, की कुणाचा टायट्रेशनचा प्रयोग चुकला तर चूक मुलाचीच, हे शिक्षक डोळे मिटून सांगत. केमिस्ट्रीचे मुख्य होते मिस्टर होल्डसवर्थ. उंच, वाकलेले, तोंडाने तुटक, पण माणूस वाईट नव्हे. त्यांना ‘सुप्रभा’ म्हणता येईना, म्हणून त्यांनी ‘सू’ करून टाकलं. मराठी घरात हा शब्द लहान मुलांच्या कोणत्या कामासाठी वापरतात ते त्यांना कोण सांगणार! बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं नाही, मग पंधरा वर्षं ‘सू’च राहिल्या. त्यांचा स्वभावच तो. जे पहिल्या दिवशी बोलायचं राहिलं ते कायमचं राहिलं.

हा स्वभाव आला वडिलांकडून. वडील शाळामास्तर. मास्तरांनी दिलेला शेरा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, अशी त्या घरातली शिकवण. एखादा पालक मुलाचे मार्क वाढवून मागायला आला की वडील त्याला ओसरीवरूनच परत पाठवत आणि मग जेवताना पोरांना सांगत, मार्क मागतो तो भिकारी, आणि देतो तो चोर. बाईंनी ते वाक्य सांगलीहून लीड्सला बरोबर आणलं. आणायच्या वस्तू माणसाला निवडता आल्या असत्या तर काय हवं होतं.

शिल्पा त्याच शाळेत शिकायची. सोळाव्या वर्षी तिची ओ लेव्हल, म्हणजे तिथली दहावी, झाली, निकाल चांगला लागला आणि ती सिक्स्थ फॉर्मला गेली. म्हणजे शाळेतलीच वरची दोन वर्षं. फक्त तीन विषय घ्यायचे, त्यांत ए लेव्हल करायची आणि त्या तीन अक्षरांवर युनिव्हर्सिटी मिळवायची. युनिफॉर्म सुटतो, बसायला वेगळी कॉमन रूम मिळते, तिथे चहाची किटलीसुद्धा असते, आणि पहिल्या दिवसापासून कानाशी एकच धोशा सुरू होतो, पुढे काय करणार. सिक्स्थ फॉर्मच्या मुख्य मिसेस आर्मिटेज मुलांच्या खोट्या मुलाखती घेऊन त्यांना तयार करायच्या. हात घट्ट दाबायचा, नजरेला नजर द्यायची, स्वतःच्या चार चांगल्या गोष्टी न लाजता सांगायच्या. ट्रॉली ढकलत कॉरिडॉरमधून जाताना बाईंच्या कानावर हे पडायचं आणि त्यांना हसू यायचं. घरी त्यांनी शिल्पाला बरोबर उलटं शिकवलं होतं. मोठ्यांसमोर नजर खाली, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आपली पाठ आपण थोपटायची नाही. त्या पोरीने दोन्ही शाळा कशा सांभाळायच्या हे कुणी सांगितलं नव्हतं.

शिल्पाला डॉक्टर व्हायचं होतं. आई-बापांनी डोक्यात भरवलेलं खूळ नव्हे हे. दर शनिवारी ती म्हाताऱ्या माणसांच्या एका होममध्ये मदतीला जायची, तिथून ती हे ठरवून आली होती. तिचे वडील हरीशराव हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात होते. डॉक्टरांच्या फायली या मजल्यावरून त्या मजल्यावर नेण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. लेकीचं त्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ते कामावर शीळ घालत गेले.

वर्गात शिल्पा गप्प असायची. हात वर करणारी मुलं वेगळी. पण लॅबमध्ये तिला पाहावं! बाई मुलांसमोर ओळखायला सॉल्ट ठेवत. इतरांना तासभर लागायचा, ही वीस मिनिटांत उत्तर लिहून भांडी धुवायला घ्यायची. बाई दाराच्या काचेतून बघायच्या आणि मनातल्या मनात अभिमानाने फुलायच्या. घरी मात्र प्रॅक्टिकलबद्दल अवाक्षर काढत नसत. उद्या बशीत काय ठेवणार ते आपल्याला ठाऊक असतं, उगाच तोंडातून काही निसटलं तर ती चोरी होईल, म्हणून. शिल्पानेही कधी विचारलं नाही. मायलेकी एकाच घरात दोन वर्षं केमिस्ट्री सोडून सगळं बोलल्या.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात युनिव्हर्सिटीचे फॉर्म भरायची वेळ आली. फॉर्म सगळ्या युनिव्हर्सिट्यांना मिळून एकच. त्यात पाच नावं लिहायची, शिल्पाने पाचही ठिकाणी मेडिसिन लिहिलं. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर शाळा आपलं मत लिहिते आणि उन्हाळ्यात या मुलाला कोणत्या ग्रेड मिळतील याचा अंदाज देते. ते पान मुलांना दाखवायचं नाही, आई-बापांनाही नाही. परीक्षा पुढच्या जूनमध्ये, पण युनिव्हर्सिटी हो की नाही ते ठरवणार या अंदाजावर. म्हणजे पेपर लिहायच्या आधीच निकाल, असला हा कारभार.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी बाई सकाळी प्रेप रूममध्ये आल्या तर त्यांच्या बेंचवर दर नोव्हेंबरासारखा एक कागद. वर ‘गोपनीय’ असा शिक्का. खाली बावीस नावं, प्रत्येकापुढे पेन्सिलीने एक अक्षर. अक्षर मिस्टर होल्डसवर्थांचं. बाईंनी वाचायला नको होतं, आजवर कधी वाचलाही नव्हता, पण आईची नजर ती, आपल्या आडनावावर आपसूक गेली. वाघोलीकर, शिल्पा. पुढे डी. त्याच्यापुढे तीन शेरे, गप्प, कष्टाळू, मेडिसिन अवघड.

डी? त्या पोरीला डी? ए नाही तर बी कुठे गेला नाही, हे त्या शपथेवर सांगू शकल्या असत्या. बावीस मुलांचं प्रॅक्टिकल त्यांनी रोज जवळून बघितलं होतं, होल्डसवर्थांपेक्षा जास्त जवळून. सरांचा अंदाज चक्क चुकला होता. न बोलणारी मुलगी म्हणजे न कळणारी मुलगी, असा त्यांनी हिशेब केला होता.

आणि बाईंनी काय केलं? कागद उलटा करून ठेवला आणि त्यावर फिल्टर पेपरचं खोकं ठेवलं. दुसऱ्याचं गोपनीय आपण बघितलं, हेच त्यांच्या जिवाला आधी लागलं. मग वाटलं, सरांना जाऊन सांगावं. काय म्हणून सांगणार? मी तुमचा कागद चोरून वाचला, माझ्या मुलीचे मार्क वाढवा? तपकिरी कोट घालून पांढऱ्या कोटाला केमिस्ट्री शिकवणार? सरांनी काहीतरी बघूनच दिला असेल, आपण आई, आपल्याला आपलं बाळ सोन्याचंच वाटणार. एकदा वाटलं, निदान यांना सांगावं. पण हरीशराव तडक शाळेत आले असते, आवाज चढवला असता. म्हणून त्यांनाही सांगितलं नाही. बुधवार गेला. कागद तिथेच.

गुरुवारी वर्गातल्या एका मुलाचा बाप आला. डेंटिस्ट होता, ओव्हरकोट उंची. बाजूच्या लॅबमध्ये त्याने होल्डसवर्थांशी अर्धा तास हुज्जत घातली, माझ्या मुलाला चाचणीत सी कसा म्हणून. सगळं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. बाई कानकोंड्या झाल्या. किती हा निर्लज्जपणा, गुरूच्या तोंडावर असं बोलतात का! होल्डसवर्थ मागे एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले होते, इंडियन आई-बापांना पोटातलं बाळसुद्धा डॉक्टरच हवं असतं, आणि सगळे हसले होते. बाईंनी त्या दिवशी मनाशी गाठ मारली होती की आपण त्यातले ठरायचं नाही. डेंटिस्टाचं ऐकून ती गाठ आणखी पक्की झाली. आपण त्यातले नाही, याचा त्यांना चक्क अभिमान वाटला. काय म्हणावं या अभिमानाला!

शुक्रवारी दुपारी होल्डसवर्थ आले. खोकं बाजूला करून कागद उचलला, बाईंकडे बघितलं आणि विचारलं, सगळं ठीक ना, सू? बाई म्हणाल्या, हो सर, थँक यू. ते कागद घेऊन गेले.

फेब्रुवारी ते एप्रिल एकेक पाकीट येत गेलं. पातळ पाकीट म्हणजे नकार, हे शिल्पाला तिसऱ्या खेपेपासून न उघडता कळायला लागलं. पाचांपैकी एकाही ठिकाणी मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही. मिसेस आर्मिटेजकडे घट्ट हात दाबायला शिकलेली पोर, तिचा हात कुणी हातात घेतला नाही. पाचवं पाकीट आलं त्या दिवशी ती जेवली नाही. माझ्यातच काहीतरी कमी असेल, म्हणाली. बाई ताट घेऊन तिच्या दाराशी उभ्या होत्या. त्या क्षणी बोलायचं होतं. ताट तसंच परत नेऊन त्यांनी भात झाकून ठेवला.

तरी पोरीने अभ्यास सोडला नाही. ऑगस्टात निकाल लागला. केमिस्ट्री ए, बायॉलॉजी ए, फिजिक्स बी. हरीशरावांनी शेजारच्या गोऱ्या म्हातारीलासुद्धा पेढे दिले. शिल्पा फोनजवळ वही घेऊन बसली आणि पाचही ठिकाणी फोन केले. सगळीकडे एकच उत्तर, जागा भरल्या. एका ठिकाणची बाई मात्र भली निघाली, तिने फाइल काढून बघितली आणि म्हणाली, मला फार वाईट वाटतं, पण तुमच्या शाळेने केमिस्ट्रीत डी कळवला होता. शिल्पाने फोन ठेवला. आई-बाबांना तिने ते एका वाक्यात सांगितलं.

हरीशरावांनी थैमान घातलं. दुसऱ्याच दिवशी ते शाळेत गेले आणि जे बाई नोव्हेंबरात टाळत होत्या ते सगळं ऑगस्टात झालं, उपयोग शून्य. मिसेस आर्मिटेजनी मनापासून माफी मागितली, म्हणाल्या, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू दे, आता ग्रेड हातात आहेत, आम्ही उत्तम लिहू. रस्ता बंद नव्हता हो! पण अठरा वर्षांच्या मुलीचं मन एकदा उतरलं की उतरलं. त्या माणसाने माझ्याबद्दल पुन्हा एक शब्द लिहिलेला मला नको, ती म्हणाली. बापाने हात जोडले, आईने रडून बघितलं. बेसिंगस्टोकला एक कंपनी ए लेव्हल झालेल्या मुलांना कॉम्प्युटरचं काम शिकवून नोकरी देत होती. सप्टेंबरात शिल्पा दोन बॅगा घेऊन तिकडे निघून गेली.

तिचं वाईट झालं असं नाही. कामात हुशार निघाली, बढत्या मिळाल्या, छोटंसं घर घेतलं. लोक विचारायचे तेव्हा हरीशराव सांगायचे, मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि विषय बदलायचे. दर उन्हाळ्यात हॉस्पिटलात नवे शिकाऊ डॉक्टर यायचे, त्यांत एखादं आपलं आडनाव दिसलं की त्या दिवशी ते टीव्हीसुद्धा न लावता झोपायला जात. शिल्पा रविवारी फोन करायची. होल्डसवर्थांचं नाव निघालं की तिचा आवाज बदलायचा. त्या म्हाताऱ्याने माझा आयुष्य घेतला, असं ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणायची. बाई ऐकून घ्यायच्या. सोमवारी त्याच म्हाताऱ्याला चहा करून द्यायच्या. कागद मी चार दिवस उशाशी घेऊन बसले होते, हे कुणाला सांगणार? देवाजवळ बसल्या तरी तोंडातून फुटायचं नाही.

त्या मंगळवारला आठ वर्षं झाली. शहाण्णवचा नोव्हेंबर आला. पुन्हा तसाच कागद बेंचवर. मधल्या वर्षांतही तो यायचा आणि बाई दरवर्षी तो न बघता पालथा घालायच्या. या वर्षी हात थांबला. निकोला नावाची एक मुलगी होती, बसड्रायव्हरची लेक, गोरी, पण शिल्पासारखीच मिटल्या तोंडाची. तिची टायट्रेशनं बघून बाईंना रोज शिल्पा आठवायची. त्यांनी कागद वाचला. निकोलापुढे डी.

बाईंनी त्या दिवशी डबा खाल्ला नाही. दुपारी होल्डसवर्थ आले तेव्हा त्या बेंचला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सर, माफ करा, मी हे वाचलं, आणि निकोलाचं चुकलंय. ती बी आहे, कदाचित ए. आता नोकरी गेली तरी चालेल, असं त्यांनी ठरवलं होतं.

होल्डसवर्थांनी चष्मा चढवला, कागद बघितला. खरंच का, म्हणाले. वर्गात ती तोंड उघडत नाही, मला कसं कळणार. खिशातून रबर काढलं, डी खोडला, बी लिहिला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. वर थँक यू म्हणाले.

बाईंनी विचारलं, हे असं बदलता येतं?

“म्हणून तर पेन्सिलीने लिहितो,” होल्डसवर्थ म्हणाले. “आणि म्हणून तर तुझ्या बेंचवर ठेवतो, सू. तुझ्या आधीची टेक्निशियन दरवर्षी चार-पाच तरी दुरुस्त करायची. मुलांचे हात तुम्ही बघता, मी कुठे बघतो? तू कधीच काही बोलली नाहीस, मला वाटायचं तुला सगळे पटतात.” मग खिडकीकडे बघत, “शिल्पाच्या वेळी तर मी तुला विचारलंसुद्धा. वाटलं, आईच ठीक म्हणते, तर ठीक असेल.”

ते गेल्यावर बाई स्टुलावर बसल्या. पुढचा तास सुरू झाला, मुलं आली, एक मुलगा ऍसिड मागायला दारात उभा राहिला, त्यांना दिसला नाही. ना शत्रू होता, ना कावा. एक माणूस विचारत होता आणि आपण थँक यू म्हणालो. वडिलांची शिकवण, तपकिरी कोट, इंडियन आई-बापांवरचं ते हसणं, यांतलं कशाकशाला दोष द्यावा म्हणून बाईंनी शोधून पाहिलं, पण फिरून फिरून सगळं त्यांच्याच दाराशी येत होतं. त्या तोंडावर पदर घ्यायला गेल्या, हातात तपकिरी कोटाची बाही आली, तीच तोंडात कोंबून त्या रडल्या.

रविवारी सकाळी अकराला शिल्पाचा फोन आला. हरीशराव मागे बागेत होते. बाईंनी ठरवलं होतं, आता एक दिवससुद्धा आत ठेवायचं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. मंगळवारचा कागद, फिल्टर पेपरचं खोकं, डेंटिस्ट, शुक्रवारचा प्रश्न आणि आपलं उत्तर. निकोलाचंही सांगितलं. काही हातचं राखलं नाही. बाईंना वाटलं, आता ओरडेल. ओरडावं, असंच त्यांना वाटत होतं.

शिल्पा ओरडली नाही.

“आई, इतके वर्षं मी त्याला हेट केलं,” ती म्हणाली. “रोज सकाळी ट्रेनमध्ये बसले की त्याला हेट करायची आणि मग कामाला जायची. त्याच्यावर मी चालत होते. आता काय करू? तुला हेट करू? ते मला येत नाही.”

बाईंनी ‘अगं’ म्हटलं.

“तेव्हा सांगायचं होतं,” शिल्पा म्हणाली. “तेव्हा नाही, तर मग कधीच नाही. हे तू तुझ्यासाठी सांगितलं आज, माझ्यासाठी नाही.”

बागेचं दार वाजलं. हरीशराव बूट काढत आत येत होते, कुणाचा फोन म्हणून विचारत होते. शिल्पाला ते ऐकू गेलं असावं. तिचा आवाज एकदम खाली आला.

“बाबांना सांगू नको,” ती म्हणाली. “त्यांच्याकडे तरी रागवायला कुणी राहू दे.”

बाई बरं म्हणाल्या आणि रिसीव्हर हरीशरावांच्या हातात दिला. हा शब्द मात्र त्यांनी शेवटपर्यंत पाळला.